तरवड पेरावा का?

तरवड न पाहिलेला माणूस सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगर या पट्ट्यात सापडायचा नाही. एसटीच्या खिडकीतून, रुळांच्या कडेला, ओसाड गायरानात पाऊस ओसरला की जी पिवळीधमक झुडपं दिसतात, ती बहुतेक त्याचीच. तरीही 'तरवड पेरायचा आहे' असं कुणी म्हणालं की लोक हसतात. फुकट उगवतं ते पेरायचं कशाला?

सांगोला तालुक्यातले विठ्ठलराव हे हसू सध्या सोसताहेत. त्यांच्या डाळिंबात तेल्या रोग शिरला आणि बाग काढून टाकावी लागली. वरच्या अंगाचा तीन एकर मुरूम तर आधीपासूनच कशाच्या कामाचा नव्हता. तिथं तरवड लावायचा त्यांचा बेत आहे. त्यांची मुलगी ज्यांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्र शिकली, त्या बाई आता निवृत्त आहेत. विठ्ठलराव त्यांच्याकडे सल्ला मागायला गेले आणि वाद घेऊन आले. तो वाद पुढं बांधावर, माळावर, बाईंच्या ओसरीत चालूच राहिला. मी त्यात ऐकणारा आणि मधूनच तोंड घालणारा.

विठ्ठलराव : बाई, जिथं ज्वारी वीतभर होऊन वाळते तिथं हे झाड कुणी न सांगता वाढतं. पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही. मग त्याचं पीक का घ्यायचं नाही?

बाई : शेळी तोंड लावत नाही, हा गुण म्हणून सांगताय तुम्ही. मला त्यात गावाची तक्रार ऐकू येते. गुरं बेतानं चरतात त्या माळावर पवना असतो, मारवेल असतो. चराई बेसुमार झाली की गोड गवत आधी संपतं आणि ज्याला कुणी खात नाही ते मागं उरतं. एखाद्या गायरानात तरवडच तरवड दिसला, तर मला तिथल्या गवताची काळजी वाटते.

विठ्ठलराव : म्हणजे तरवडानं गवत मारलं?

बाई : गवत आपण मारलं. जागा रिकामी झाली, तिथं तो आला.

विठ्ठलराव : मग माझ्या मुरमाड तुकड्यावर कुठलं गवत मरणार आहे? तिथं आधीच काही नाही.

बाईंनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. त्यांचा खरा धाक तीन एकरांचा नव्हताच. उद्या हे झाड एखाद्या योजनेत शिरलं आणि 'पडीक जमीन' म्हणून सगळ्या माळरानांवर त्याच्या रांगा लागल्या तर काय, हा होता. माळरानाला पडीक म्हणायची आपली सवय जुनी आहे. नान्नजच्या माळावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, ते तिथल्या उघड्या गवतामुळे. त्या पक्ष्याला दूरवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. अशा ठिकाणी झुडपांची दाटी करून हिरवळ वाढवली असं म्हणणं म्हणजे घर पाडून अंगण मोठं केल्यासारखं आहे.

आता झाडाविषयी थोडं. तरवड हे कमरेपासून पुरुषभर उंचीचं, बुंध्यापासूनच फांद्या फुटणारं झुडूप. साल तपकिरी. पानं संयुक्त, पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि पानाच्या तळाशी कानाच्या आकाराची दोन ठसठशीत उपपर्णं. झाड ओळखायची सगळ्यात सोपी खूण तीच. त्यावरूनच लिनियसनं १७५३ साली त्याला 'कॅसिया ऑरिक्युलाटा' असं नाव दिलं, आता त्याला 'सेना ऑरिक्युलाटा' म्हणतात. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळतात. पावसात रस्त्याकडेला माजणारा टाकळा याचाच भाऊबंद, पण तो वर्षात उगवून मरतो. तरवड खडकाच्या फटीतून मूळ खाली सोडून वर्षानुवर्षं बसतो. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागातही तो तग धरतो, आणि मुरूम, काळी, चोपण यांत फारशी आवडनिवड करत नाही.

विठ्ठलराव : शिवाय शेंगवर्गातला. मेळाव्यात सांगत होते, शेंगेचं झाड म्हणजे जमिनीला फुकट नत्र. तीन-चार वर्षांत माझा मुरूम सुधारंल.

बाई : ते सांगणाऱ्यानं हरभरा उपटून पाहिला असेल, तरवड नाही. हरभऱ्याच्या, तुरीच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जिवाणू हवेतला नत्र धरतात. तरवडाच्या मुळांवर त्या गाठी येत नाहीत. शेंगवर्गातली सगळीच झाडं ते काम करतात असं नाही.

विठ्ठलराव : पण आमचे आजोबा तरवडाचा पाला तोडून वाफ्यात गाडायचे. मग ते काय उगाच?

बाई : उगाच मुळीच नाही. दक्षिणेत आणि श्रीलंकेत भातखाचरातही तो पाला घालतात. पण तिथं होतं काय, ते नीट पाहा. झाडानं खोल मुळांनी जे वर ओढलं ते पाल्यात आलं, आणि पाला तुम्ही दुसऱ्या जागी नेला. ज्या जमिनीतून तो काढला तिची पुंजी वाढली नाही, सरकली. पाला तुम्ही तिथंच पडू दिलात, मुळांनी मुरूम धरून ठेवला, पावसाचं पाणी थांबलं, तर जमीन सुधारेल. पण हळूहळू. आणि विकायला नेलं त्याचा हिशेब वजा करून.

विठ्ठलरावांनी दुसऱ्या दिवशी खरंच एक रोप मुळासकट उपटून पाहिलं. गाठी नव्हत्या. त्यांनी तसं कळवलं, पण हार म्हणून नाही. मग आता बाजाराकडे वळू, एवढंच म्हणाले.

बाजार हा त्यांचा हक्काचा मुलूख. घटस्थापनेपासून घटावर रोज एक माळ चढते, आणि आमच्या भागात त्या माळेत तरवडाची फुलं असावी लागतात. भाद्रपद संपता संपता झाड फुलाला येतं, ही वेळ देवीनंच जुळवून दिली आहे असं विठ्ठलराव मानतात. शहरात ही फुलं आता टोपल्यांनी विकत मिळतात. त्यात सोलापूरची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, आणि त्यांच्या बायका बतुकम्मा मांडतात. फुलांच्या थरांचा तो उंच ढीग तंगेडूशिवाय होत नाही. तंगेडू म्हणजे हाच तरवड. तेलंगण राज्य झालं त्याच वर्षी, २०१४ मध्ये, त्यांनी याला राज्यफूल केलं. आपल्याकडे जे गायरानातलं झुडूप, ते शेजारच्या राज्याच्या मानचिन्हांत बसलं.

विठ्ठलराव : बतुकम्मा अमावास्येला बसते, घट दुसऱ्या दिवशी. नऊ-दहा दिवस सोलापुरात माल खपतो. आणि सध्या फुलं येतात कुठून? पोरं माळावरनं ओरबाडून आणतात. फांद्याच मोडतात. मी लावली तर निदान माळ तरी वाचंल.

बाई : हा मुद्दा तुमचा पक्का आहे. पण दहा दिवसांच्या बाजारावर तीन एकर?

विठ्ठलराव : बाकीच्या दिवसांची फुलं सावलीत वाळवायची. पुण्यात वाळल्या फुलांचा चहा विकतात, पाकिटावर काय काय लिहून. साखर उतरते म्हणे.

इथं बाईंचा आवाज चढला. त्यांची ही बाजू मला महत्त्वाची वाटते, म्हणून ती सविस्तर देतो.

तरवडाचा आणि मधुमेहाचा संबंध नवा नाही. आयुर्वेदात हे झाड आवर्तकी म्हणून येतं. तमिळनाडूत आवारम फुलांचा काढा घरोघर माहीत आहे, श्रीलंकेत 'रणवरा' नावानं त्याचा चहा होतो. अण्णामलै विद्यापीठात २००२ च्या सुमारास मधुमेह घडवलेल्या उंदरांना फुलांचा अर्क देऊन पाहिला, त्यांची रक्तातली साखर उतरली. इथवरचं सगळं पाकिटावर छापलं जातं. पुढचं छापत नाहीत. १९८१ साली श्रीलंकेतल्याच संशोधकांनी तिथल्या औषधी वनस्पती तपासल्या, तेव्हा ज्यांत यकृताला घातक अशी पायरोलिझिडीन अल्कलॉइडं आढळली त्यांत तरवड होता. पुढं २००४ मध्ये तिथूनच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फिट्सवर देतात ते कार्बामाझेपिन आणि तरवडाचा चहा उंदरांना एकत्र दिला, तर रक्तात औषधाचं प्रमाण वाढतं, असं त्यात दिसलं.

बाई : एका कपानं कुणाला काही होणार नाही. पण मधुमेहाचा माणूस एक कप पीत नाही, वर्षानुवर्षं रोज पितो, आणि सोबत चार गोळ्या घेतो. कधी तर गोळ्या सोडून फक्त हेच पितो. उंदराची साखर उतरली म्हणून माणसाला तेच सांगायचं आणि यकृताचं मात्र सांगायचं नाही, ही कुठली रीत?

विठ्ठलराव : बाई, मी पाकिटावर काही लिहिणारच नाही. फुलं वाळवून देणार, पुढं घेणारा बघून घेईल.

बाई : बियाणं विकणारा तुम्हाला हेच म्हणतो तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणता?

विठ्ठलराव हसले, पण गप्प झाले. या मुद्द्यावर मी बाईंच्या बाजूचा आहे. चहाची पाकिटं विकणाऱ्यांनी ही दोन वाक्यं सोयीनं गाळली आहेत. शेतकऱ्यानं पीक घ्यावं की नाही ते गिऱ्हाइकाच्या अर्धवट माहितीवर ठरू नये.

सालीचा विषय निघाला तो माझ्यामुळे. तरवडाची खरी बाजारपेठ एके काळी फुलांची नव्हती, सालीची होती. सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन असतं. कच्च्या कातड्यातल्या प्रथिनाला टॅनिन घट्ट धरतं, मग ते कुजत नाही, त्याचं चामडं होतं. आपल्याकडे ढोर-कक्कय समाजातल्या कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या हातानं माहीत होतं. तरवड, बाभूळ, हिरडा यांतलं कुठलं कधी आणि किती घालायचं याचं ज्ञान त्यांच्याकडे होतं, आणि गावानं त्यांना वेशीबाहेर ठेवून त्याचा फायदा घेतला. मद्रासकडे याच सालीवर मोठा धंदा उभा राहिला. 'ईस्ट इंडिया' नावानं ते कमावलेलं चामडं विलायतेला जाई, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांच्या वरच्या भागासाठी त्याला फार मागणी होती. तरवडानं कमावलेलं कातडं फिकट रंगाचं, मऊ उतरतं, पण उन्हात लालसर पडतं. म्हणून शेवटी त्याला हिरड्याच्या पाण्यातून काढत. पुढं दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल आणि अर्क स्वस्तात येऊ लागला, त्यानंतर क्रोमियमच्या क्षारांनी आठवड्यांचं काम काही दिवसांवर आणलं. तरवड मागं पडला.

विठ्ठलराव : आता लोकांना पुन्हा बिनरसायनी चामडं पाहिजे. साल विकता येईल.

बाई : साल काढलीत म्हणजे झाड गेलं.

विठ्ठलराव : नाही जात. बाई, पुस्तकातलं तुम्हाला ठाऊक, झाडातलं मला. तरवड जमिनीलगत तोडला की बुडातून चार फोकं फुटतात. दोन-तीन वर्षांनी जाड फांदी तोडायची, तिची साल काढायची, लाकूड चुलीला. झाड तिथंच.

बाईंनी हे मानलं. त्यांनी स्वतः छाटणीनंतर बुडातून फुटणारी झुडपं पाहिली होती. पण घेणारा कोण, हा प्रश्न उरला, आणि तिथून गाडी मोगली एरंडावर गेली. ती जाणारच होती.

बाई : आठवतंय ना? २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं अहवाल दिला. डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल मिसळायचं, त्यासाठी एक कोटी हेक्टरांच्या वर मोगली एरंड लावायचा. तेव्हाही हेच सांगत होते. पडीक जमीन, पाणी नको, जनावर खात नाही, तेलच तेल. शब्दन्‌शब्द तुमच्या तरवडाचं वर्णन.

विठ्ठलराव : आठवतंय म्हणजे काय, बांधावर दोनशे रोपं होती माझ्या. रोपं फुकट दिली, बी कुणी घेतलं नाही. चार महिने पाऊस नसला तरी झाड जगायचं, पण बी धरायचं नाही. जगणं आणि पिकणं वेगळं, हे तेव्हा शिकलो. उलट पोरांनी बिया खाऊन ओकाऱ्या काढल्या.

बाई : मग?

विठ्ठलराव : मग फरक असा की मोगली एरंड परक्या मुलखातला, पोर्तुगीजांनी आणलेला म्हणतात. त्याला आमच्याकडे कुणी विचारत नव्हतं. तरवडाची फुलं माझी आजी वेचायची. याचं गिऱ्हाईक सरकारनं कागदावर तयार केलेलं नाही, दर अश्विनात बाजारात उभं असतं.

हे ऐकून मला विठ्ठलरावांकडे झुकावंसं वाटलं, हे कबूल करतो. पण बाईंच्या भात्यात अजून एक बाण होता, गुग्गुळ. राजस्थान-गुजरातच्या रखरखीत भागातलं हे काटेरी झुडूप. डिंकासाठी लोकांनी वाट्टेल तसे वार केले, झाडं मेली, आणि आज ती जात जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली आहे. आज तरवड मुबलक आहे. एखाद्या औषधी झुडपाला मोठा बाजार मिळाला की त्याचं काय होतं, हे बाईंना दाखवायचं होतं.

विठ्ठलराव : म्हणजे लावायलाच हवा. गुग्गुळ कुणी शेतात वेळेवर लावला असता, तर रानातला तुटला नसता.

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'तुमच्या मुलीनं असा उलट प्रश्न विचारला असता तर मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.'

लागवडीवर मग दोघं शांतपणे बोलू लागले. बियांचं कवच टणक, तसंच टाकलं तर निम्म्या बिया जमिनीत पडून राहतात. विठ्ठलराव म्हणाले, उकळवून टाकतो. बाई म्हणाल्या, उकळू नका, बी शिजेल. पाणी उकळून चुलीवरून उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर त्याच पाण्यात निवू द्या. फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्यावर तोच प्रयोग पुन्हा करा. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून पिशवीतल्या रोपापेक्षा जागेवर टोकलेलं बरं. रोप करायचंच झालं तर उंच पिशवी घ्यायची आणि मुळानं तळ गाठायच्या आत लावून टाकायचं. टोकण मृगात, पहिल्या दमदार पावसानंतर, बोटाच्या पेराइतकी खोल. चार फुटांवर चार फूट धरलं तर एकरी सत्तावीसशेच्या आसपास झाडं बसतात. पहिलं वर्ष फक्त तण काढायचं, तेवढा एकच लाड. शेळी खात नाही, तरी पायाखाली तुडवते, म्हणून काट्यांचं कुंपण.

विठ्ठलराव : आणि त्या हिरव्या अळ्या? पाना-पानावर असतात. फवारा लागंल.

बाई : एक थेंबही नाही. फिकट पिवळसर पांढरी फुलपाखरं उडतात ना, त्यांच्या त्या अळ्या. पाला खातात, झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. आणि फवारलेली फुलं तुम्ही देवीला वाहणार? आणखी एक. या फुलात मध नसतो. परागकोशाच्या टोकाला नुसतं भोक असतं, भुंगा त्याला धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग झडतात. तो भुंगा तुमच्या फवाऱ्यानं गेला तर शेंग कुठून धरणार? पुढच्या वर्षीचं बी कुठून आणाल?

विठ्ठलराव : माळावरनं.

बाई : बघा, आलात परत माळावर.

शेवटी ठरलं ते असं. तीन एकर नाही, वीस गुंठे. तेही मुरमाच्या वरच्या कडेला, उताराला आडव्या ओळींत, म्हणजे माती थांबेल. उरलेल्या अडीच एकरांत पवना-मारवेलचं बी टाकायचं आणि दोन पावसाळे शेळ्या बांधून ठेवायच्या. चहावाल्याला फुलं द्यायची नाहीत, निदान बाईंचं तोंड दिसतं तोवर. सालीचा विचार तीन वर्षांनी.

एकाच गोष्टीवर गाडी अडली. बाईंचं म्हणणं, निम्मी फुलं झाडावरच ठेवा, शेंगांसाठी आणि भुंग्यांसाठी.

विठ्ठलराव : निम्मी? ऐन नवरात्रात, भाव असताना?

बाई : मग कधी ठेवणार?

विठ्ठलराव : दसऱ्यानंतर फुलाला कोण विचारतंय, बाई? झाड तर पुढंही फुलतंच. दसऱ्यापर्यंतची माझी, नंतरची सगळी तुमच्या भुंग्याची.

बाई : आणि माळावरची?

विठ्ठलराव : माळावर यंदापासनं माझं माणूस जाणार नाही. बाकी गावाचं मी कसं सांगू?

बाई : गावाला विचारा. ग्रामसभा कधी आहे?

विठ्ठलराव : दोन ऑक्टोबरला. तुम्हीच या बोलायला. माझ्यावर हसतात, तुमच्यावर हसायचे नाहीत.